आत्ता नको

सावेरियो डोंगरावरच्या रोक्कामाउरा गावात पोचला तेव्हा चर्चची घंटा वाजत होती, आणि वारा असा सुटला होता की तिचा निम्मा आवाज दरीतच सांडत होता. गाडी त्याने वेशीबाहेर लावली. वेशीच्या आत गल्ल्या अशा की गाढवालाही वळायचं तर विचार करून वळावं लागे. कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवून तो पायऱ्या चढू लागला.

खाली दरीतल्या गावात, स्टेशनाशेजारी, त्याचं फोटोचं दुकान होतं. लग्नं, पासपोर्ट, बारशी हे सगळं तो करीच. पण या डोंगराळ भागात त्याचं नाव होतं ते थडग्यांवरच्या फोटोंसाठी. माणूस गेलं की घरचे एखादा जुना फोटो घेऊन येत, आणि सावेरियो तो चिनीमातीच्या लंबगोल तबकडीवर उतरवून देई. ऊन, पाऊस, बर्फ, कशानेही तो पुसत नसे. ऑक्टोबर सरत आला की त्याच्याकडे घाई उडायची, कारण नोव्हेंबरात मृतांचा दिवस आणि त्या दिवशी साऱ्या गावाने दफनभूमीत जायचं. कुणाचं थडगं कसं सजलंय हे लोक मनात बरोबर टिपून ठेवायचे.

पण आज जिने बोलावलं होतं ती बाई जिवंत होती. नुसती जिवंत नव्हे, चांगली खणखणीत.

"ये, ये. पाय पूस. कालच फरशी धुतलीय." एर्सिलिया दारातच उभी होती. ऐंशी ओलांडलेली, ठेंगणी, कमरेत जरा वाकलेली, नखशिखांत काळ्या कपड्यांत. चुलीवर घेवड्याचं सूप रटरटत होतं. "तू दोनातोचा मुलगा ना? बापासारखाच दिसतोस. फक्त तो हसायचा."

"हसतो की मी पण, मावशी."

"कधी हसलास तर सांग, बघायला येईन. बस."

तो बसला. तिने त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि आढेवेढे न घेता मुद्द्याला हात घातला.

"निकान्द्रोच्या थडग्यावरचा फोटो बघितलायस?"

सावेरियोने बघितला होता. त्याच्या वडिलांनीच तो केला होता. लष्करातला फोटो, कुरळे केस, वरच्या ओठावर कोवळी मिशी. एर्सिलियाचा नवरा तिशी ओलांडता ओलांडता खाणीत दगडाखाली सापडून गेला होता.

"त्याच्या शेजारची जागा माझी. दगडसुद्धा बसवून घेतलाय मी, नाव कोरून. फक्त फोटो राहिलाय." ती त्याच्या समोर बसली. "आता तू सांग. तिथं तो असा, मिशी फुटलेलं पोर, आणि शेजारी माझं हे सुकलेलं सफरचंद. येणारे-जाणारे काय म्हणतील? बिचारी आई, म्हणतील. मुलगा आधी गेला, म्हणतील."

सावेरियोला हसू आलं, पण त्याने ते कॉफीत बुडवलं.

"मग तुमचा तरुणपणचा फोटो द्या."

"असता तर तुला कशाला बोलावलं असतं? आमचं लग्न झालं जानेवारीत. गळ्यापर्यंत बर्फ. फोटोवाला, म्हणजे तुझाच बाप, वर पोचलाच नाही. पुढं खाणारी तोंडं, सासू, शेत. फोटो कोण काढत बसतंय?"

"मग मी काय करू?"

"शोध." ती म्हणाली. "गाव एवढंसं आहे. कुणाच्या तरी कपाटात मी तरुण असेन."

"नक्की कुणी काढला होता का, मावशी?"

तिने उठून सुपात डाव फिरवला. त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "एकदा काढला होता. खालच्या हौदावर, कपडे धुताना. कुणी ते आता आठवत नाही."

हे काही सावेरियोचं काम नव्हतं. त्याने काढता पाय घ्यायला हवा होता. पण घरी लवकर जाऊन त्याला करायचं तरी काय होतं? दुकान मिटलं की वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत त्याची बायको मिरेला वारल्यापासून घड्याळाशिवाय कुणी बोलत नव्हतं. त्याने बॅग उचलली.

सकाळ मग गल्ल्यांमध्ये गेली. दर तिसऱ्या घराला कुलूप, दारांवर विक्रीच्या पाट्या, पाट्यांवर उन्हाने उडालेले फोन नंबर. एका पडक्या घराच्या आत अंजिराचं झाड माजलं होतं आणि त्याच्या फांद्या खिडकीतून माणसासारख्या डोकावत होत्या. सवयीने त्याने कॅमेरा उचलला. अंजिराचा फोटो काढला, पायरीवर पसरलेल्या मांजराचा काढला, दोरीवर एकट्याच वाळत असलेल्या मोज्याचा काढला. दुकानात असले फोटो कुणी विकत घेत नाही. पूर्वी तो ते रात्री मिरेलाला दाखवायचा आणि ती म्हणायची, "मोजा छान आलाय. आता गिऱ्हाइकाचा पण असाच काढ."

बँडमधला म्हातारा कोझिमो त्याला आपल्या घरात घेऊन गेला. संत रोक्कोच्या मिरवणुकीचा मोठा फोटो भिंतीवर होता.

"ही बघ एर्सिलिया! माझ्या मागे!"

सावेरियो डोळे बारीक करून बघू लागला. फोटोच्या मधोमध तरुण कोझिमो गाल फुगवून उभा होता. त्याच्या भल्यामोठ्या पितळी कर्ण्यामागे एक कान दिसत होता.

"हा कान?"

"मग! एर्सिलियाचाच. शपथ घेऊन सांगतो."

"काका, थडग्यावर कान कसा लावू?"

"चांगला कान आहे," कोझिमो दुखावल्या सुरात म्हणाला. "माझं वाजवणं त्यानेच तर ऐकलं."

दुपारी तो चौकातल्या बारमध्ये जाऊन टेकला. बार चालवणाऱ्या पाल्मिनाने त्याच्यापुढे पाव, चीज आणि लाल वाइनचा पेला ठेवला आणि स्वतः गल्ल्यावर कोपर टेकून उभी राहिली.

"सापडली का एर्सिलिया?"

"एक कान सापडला."

पाल्मिना इतकी खदखदून हसली की बाकावरचे दोन म्हातारे पत्ते थांबवून बघायला लागले. मग डोळे पुसत ती हळू आवाजात म्हणाली, "हौदावरचा फोटो म्हणाली ना? अरे, त्या काळात साऱ्या गावात कॅमेरा होता तो एकाकडेच. जर्मनीहून आणलेला. वर बुरुजापाशी राहतो, आत्तिलियो."

"मग मावशींना आठवत कसं नाही?"

"आठवत नाही!" पाल्मिनाने फडकं झटकलं. "माझ्या आजीच्या लग्नात कुणी काय खाल्लं ते आठवतं तिला. पण सगळं बोलून दाखवायला ती काय रेडिओ आहे?"

बुरुजाकडची चढण सावेरियोच्या छातीत भरली. वर शेवटचं घर आत्तिलियोचं. अंगणात एक उंच, हाडकुळा म्हातारा चेस्टनटच्या काटेरी फळांवर बूट दाबून आतल्या बिया काढत होता. स्वेटरच्या कोपरांना ठिगळं होती, दाढी मात्र गुळगुळीत.

सावेरियोने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं. म्हातारा ऐकत होता. बूट थांबला नाही.

"नाही माझ्याकडे. कॅमेरा कधीच मोडला. फोटो गेले कुठल्या कुठे."

"बरं काका. त्रास दिला." सावेरियो वळला.

"ए!" म्हाताऱ्याने हाक मारली. "माझं नाव तिने घेतलं?"

"नाही. त्या म्हणाल्या, कुणी काढला ते आठवत नाही."

बूट थांबला. आत्तिलियोने खाली दरीकडे पाहिलं. तिथून गावाची सगळी छपरं दिसत होती, आणि चर्चच्या अलीकडे एका धुराड्यातून घेवड्याच्या सुपाचा धूर वर येत होता.

"नाव घेतलं नाही," तो सावकाश म्हणाला. "मग तिनेच पाठवलंय. ये आत."

घरात एकच खोली होती, लष्करातल्यासारखी नीटनेटकी. आत्तिलियोने कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या अंगाला, शर्टांच्या बाजूला, चार खिळ्यांत अडकवलेला एक फोटो होता. त्याने तो काढला, बाहीने पुसला आणि खिडकीशी धरला.

अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी हौदाच्या काठावर ओणवी झाली होती. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हात ओले, डोक्याचा रुमाल मागे घसरलेला. कुणीतरी हाक मारली असावी आणि तिने नुकतंच वर बघितलं असावं. ती हसत होती. पण हसणं नंतरची गोष्ट. सावेरियो बघत राहिला तो तिच्या डोळ्यांकडे.

आयुष्यभर त्याने माणसांना "इकडे बघा" म्हटलं होतं, आणि माणसांनी भिंगाकडे बघितलं होतं. ही मुलगी भिंगाकडे बघत नव्हती. भिंगाच्या मागे जो होता त्याच्याकडे बघत होती.

असं त्याच्याकडेही एकदा कुणी बघितलं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, समुद्रावर, मिरेला पाण्यातून बाहेर येत होती. कॅमेरा त्याच्या हातात होता, फिल्म भरलेली होती. आणि त्याने कॅमेरा वाळूत ठेवून दिला होता. अशा वेळी फोटो काढतं कोण! तेव्हा असंच वाटलं होतं त्याला. पुढे किती रात्री त्याने तो न काढलेला फोटो डोळे मिटून बघायचा प्रयत्न केला, आणि दर वेळी तो जरा जास्तच पुसट व्हायचा.

"चांगला आलाय," तो कसाबसा म्हणाला.

"आता उगाच माझी वाहवा नको करूस. तिने बघितलं, मी कळ दाबली." आत्तिलियो पलंगाच्या कडेवर बसला. "सुट्टी संपली, मी जर्मनीत कारखान्यात परत गेलो. म्हटलं, दोन वर्षं राबू, घर बांधू, मग तिच्या बापाकडे जाऊ. तिला काही बोललो नाही. कशाला बोलायचं? तिने बघितलं होतं ना तसं. मला वाटलं, ठरलं."

"आणि?"

"आणि काय! परत आलो तर घर बांधायला पैसे होते, आणि ती निकान्द्रोची बायको होती." त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "निकान्द्रो भला माणूस. माझ्याबरोबर शाळेत होता. तो गेला तेव्हा खांदा दिला मी. मग वर्ष जाऊ दिलं. ऑलिव्ह झोडायचे दिवस होते. टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, एर्सिलिया, दोन घरांत दोन चुली कशाला पेटवायच्या?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, आत्ता नको." आत्तिलियो हसला. "आत सासू होती, तिचे कान दाराला. पदराला लहान मुलगी. मी म्हटलं, बरं. आणि निघून आलो. तेव्हापासून ते 'आत्ता' कधी संपतंय याची वाट बघतोय."

"पुन्हा विचारलं नाहीत?"

"नको म्हटल्यावर माणसाने किती वेळा जायचं? सासू मेली, मुलगी कॅनडाला गेली. मला वाटलं, आता बोलावेल. चर्चबाहेर भेटतो. ती म्हणते, वारा फार आहे. मी म्हणतो, हो, वारा आहे. एवढंच."

सावेरियोने कॅमेरा काढला, तसा आत्तिलियोने हात आडवा घातला. "तुझ्या यंत्रात नको घालूस. आधी तिला दाखव. ती हो म्हणाली तर कर काय ते. आणि दिवस मावळायच्या आत परत आण." मग त्याने तो फोटो एका स्वच्छ हातरुमालात गुंडाळला आणि देता देता म्हणाला, "जपून. तिथं पायरी निसटतीय."

एर्सिलिया दारासमोर खुर्ची टाकून बसली होती. उन्हाचा शेवटचा पट्टा गल्लीतून सरकत होता. सावेरियोने तिच्या मांडीवर हातरुमाल ठेवला. तिने तो उघडला. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"केवढे केस होते बाई मला," ती म्हणाली.

"थडग्यावर हा उठून दिसेल, मावशी. कुणी आई म्हणणार नाही."

"वेडा आहेस का तू?" तिने मान वर केली. "फोटोवाला ना तू? दिसत नाही तुला मी कुणाकडे बघतेय? हा फोटो निकान्द्रोच्या शेजारी लावू? त्याच्या उशाशी पडून जन्मभर, मरणभर, दुसऱ्याकडे बघून हसत बसू? नाही. निकान्द्रोशी मी खोटं वागले नाही. त्याला आवडत होते मी, आणि मलाही तो हळूहळू आवडायला लागला होता. आणखी चार वर्षं मिळाली असती तर मी त्याच्याकडेही असंच बघितलं असतं."

शेजारच्या खिडकीतून कुणीतरी भांडी आपटली. ती थांबली, आणि मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "कुठं ठेवला होता त्याने?"

"कपाटाच्या दाराला. आतून."

"शर्टांजवळ?"

"हो."

"आणि काय म्हणाला?"

सांगावं की नाही हे सावेरियोला ठरवता येईना. पण ती त्याच्याकडे बघत होती, आणि खोटं बोलायला त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने सांगितलं. ऑलिव्हचे दिवस, हातातली टोपी, दोन चुली, आणि तिचे ते दोन शब्द.

एर्सिलियाने फोटो पालथा केला, पुन्हा सुलटा केला.

"मी आत्ता नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "नको म्हटलं नव्हतं. सासू आत होती, पोरगी लहान, काळे कपडे अजून नवे होते अंगावर. वाटलं, येईल पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी ऑलिव्ह झोडताना मी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. अशीच. त्याच्या पुढच्या वर्षीही बसले. मग म्हटलं, त्याला सवय झाली असेल एकट्याची. बाईने का स्वतः जाऊन विचारायचं असतं?"

सावेरियो कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत, सोडत उभा राहिला.

"काढ," ती एकदम म्हणाली आणि खुर्चीत ताठ बसली. "आत्ताचाच काढ. ऊन आहे तोवर."

"आणि लोक आई म्हणाले तर?"

"म्हणू देत. तिशीत मेलेल्या पोराला आई मिळाली तर काय वाईट झालं? तो इतकी वर्षं एकटाच पडलाय तिथं."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तिने तोंड असं घट्ट मिटलं की जणू पोलिसांसमोर बसलीय.

"मावशी, जरा सैल."

"सैलच आहे. तुझ्या बायकोचा लावलास का रे फोटो, तिच्या थडग्यावर?"

प्रश्न अनपेक्षित आला. "नाही अजून."

"का?"

"चांगला नाहीच माझ्याकडे. लग्नांत ती माझ्या शेजारी दिवा धरून उभी असायची. चाळीस गावांतल्या नवरा-नवरींवर तिने उजेड पाडला. तिच्यावर कोण पाडणार? मी फोटो काढतोय म्हटलं की तोंड फिरवायची."

एर्सिलियाचा चेहरा उलगडला. हसू नव्हतं ते. एखादं पोर पडलं तर बाई बघते तसं ती बघत होती. सावेरियोने कळ दाबली.

"तोंड फिरवलेला लाव," ती म्हणाली. "तीच होती ना ती? तू ओळखशील. बास झालं."

ते शब्द सावेरियोच्या मनात जाऊन बसले. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्याने तिला तिचा फोटो दाखवला. तिने तो नाक मुरडून बघितला, चालेल म्हणाली, आणि मग हातरुमालाची घडी घालायला लागली. चारही कोपरे जुळवून, पुन्हा उलगडून, पुन्हा जुळवून.

"जा, देऊन ये. रात्रभर त्याचं कपाट रिकामं नको. आणि सांग..." ती थांबली. "सांग, माझ्याकडे सूप जास्त झालंय."

"एवढंच?"

"तेवढं पुरे. मठ्ठ आहे, पण तेवढा नाही."

सावेरियो दुसऱ्यांदा ती चढण चढला. आत्तिलियो अंगणाच्या फाटकाशी उभाच होता. त्याने आधी हातरुमाल उघडून फोटो बघितला, मग सावेरियोकडे.

"लावणार ती हा?"

"नाही म्हणाल्या. निकान्द्रोच्या शेजारी हा बरा दिसणार नाही म्हणाल्या."

म्हाताऱ्याच्या तोंडावर दुःख होतं की दुसरंच काही, ते संध्याकाळच्या उजेडात नीट दिसेना. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "आणखी काही?"

"म्हणाल्या, सूप जास्त झालंय."

आत्तिलियो आत गेला. कपाटाचं दार वाजलं, खिळे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा अंगात कोट होता, डोक्यावर टोपी, आणि खिशांत ओंजळभर चेस्टनट घातलेले. चालताना ते एकमेकांवर आपटत होते. त्याने सावेरियोचा दंड धरला. "उतार मला झेपत नाही. हळू चल."

ते उतरत होते तेव्हा चौकातले पत्ते थांबले. पाल्मिना फडकं हातात घेऊनच बारच्या दारात आली. कोझिमोने टोपी काढली. आत्तिलियोने कुणाकडे पाहिलं नाही. तो पायऱ्यांकडे बघत होता.

एर्सिलिया दारातच होती.

"वारा फार आहे," आत्तिलियो म्हणाला.

"आहे," ती म्हणाली. "म्हणूनच आत ये म्हणतेय. पाय पूस."

त्याने टोपी काढली, पायपुसण्यावर बूट घासले, दोनदा घासले, आणि आत गेला. दार तिने लावलं नाही, नुसतं लोटलं. सावेरियोला त्या फटीतून टेबलाचा कोपरा दिसला, दोन वाडगे दिसले, आणि त्याने नजर काढून घेतली. कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण त्याने आधीच लावून टाकलं होतं.

गाडीशी येईपर्यंत अंधारून आलं. त्याने बॅग शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी सुरू केली तशी सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी किणकिण वाजायला लागली. बॅग जड होती आणि गाडीला वाटे कुणीतरी बसलंय. त्याने बॅगेला पट्टा बांधला. किणकिण थांबली.

या सीटवर मिरेला बसायची. मांडीवर दिव्याचा स्टँड, हातात लग्नघरातून बांधून दिलेली बदामाची मिठाई. ज्या लग्नाला ती आलेली नसे, त्याचं तिला सगळं इत्थंभूत हवं असे. कोण रडलं, नवरदेवाच्या आईने काय घातलं होतं, जेवण कसं होतं.

पहिल्या वळणावर त्याने मागे बघितलं. डोंगरावर दिवे लागत होते, विरळ विरळ. त्यातला एर्सिलियाच्या स्वयंपाकघराचा कुठला, हे इथून कळायला मार्ग नव्हता.

"ऐक," सावेरियो मोठ्याने म्हणाला. आपलाच आवाज ऐकून तो जरा दचकला, पण थांबला नाही. "आज एक बाई भेटली. तुला आवडली असती." मग त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. धुतलेली फरशी सांगितली, कोझिमोचा कान सांगितला, आणि कानापाशी आल्यावर त्याला एवढं हसू फुटलं की गाडी कडेला घ्यावी लागली.